मीटरमधला बल्ब गेला : साधा टाकावा की एलईडी?

चावी ऑन करा, गाडी चालू करू नका, आणि मीटरकडे बघा. ऑइलचा लाल दिवा, बॅटरीचा लाल दिवा, हँडब्रेक ओढलेला असेल तर त्याचा दिवा, एवढे तरी पेटलेच पाहिजेत. जुन्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा यातला एखादा कधीचाच गेलेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो. मीटरचा उजेड गेला तर रात्री काटा दिसत नाही म्हणून आपण लगेच दुकान गाठतो. ऑइलचा दिवा गेला तर काहीच दिसत नाही, म्हणून कुणी हलत नाही. पण खरी घाई त्याचीच आहे. ऑइल प्रेशर पडलं आणि दिवा मेलेला असला, तर इंजिन जाम झाल्यावरच कळतं.

बल्ब आणायला गेलात की दोन गोष्टी समोर येतात. एक जुना फिलामेंटचा, ज्याला दुकानदार ‘मीटर बल्ब’ म्हणतो. दुसरा एलईडी. माझ्या जुन्या मारुती आठशेत मी दोन्ही वापरून पाहिले, आणि पहिल्यांदा चुकलो.

एलईडी स्वस्त झालेत, टिकतात, तापत नाहीत. हे पाहून मी परभणीतल्या एका दुकानातून मूठभर आणले आणि मीटरमधले झाडून सगळे बल्ब बदलले. मीटर नव्यासारखं झळकलं. पण आठवड्याभरात सकाळी सेल्फ मारला तर नुसता टक आवाज. बॅटरी उतरलेली. धक्का देऊन गाडी चालू केली, बॅटरी चार्ज करून आणली, पाच दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी वसमत रोडच्या एका वायरमनने मीटरकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, “दादा, बॅटरीच्या दिव्याला साधाच बल्ब ठेवा. त्याच्यातूनच डायनामोला करंट जातो.”

बऱ्याच जुन्या गाड्यांत वायरिंग असंच असतं. गाडी चालू होताना अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या त्या डायनामोला, वीज तयार करायला सुरुवातीचा थोडा करंट बाहेरून लागतो, आणि तो बॅटरीतून ह्याच लाल दिव्यातून जातो. १२ व्होल्टचा ३ वॅटचा बल्ब पाव अँपिअर करंट सोडतो. छोटा एलईडी त्याच्या दहाव्या भागाइतकाही कसाबसा सोडतो. मग अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा मोठी रेस दिल्यावर होतो. मी स्टेशन ते घर, घर ते बाजार अशी गावातल्या गावात मुंगीच्या पावलांनी चालवायचो, म्हणून बॅटरी भरतच नव्हती. साधा बल्ब परत बसवला, त्या दिवसापासून तक्रार नाही. हा बल्ब पूर्ण गेलेला असला तरी हाच त्रास होऊ शकतो, त्यामुळे नवी बॅटरी घेण्याआधी आधी हा दिवा तपासा.

दुसरी अडचण इंडिकेटरची. काही जुन्या मीटरमध्ये डाव्या-उजव्या दोन्हींसाठी मिळून एकच हिरवा दिवा असतो. त्यातून करंट कधी इकडून तिकडे जातो, कधी तिकडून इकडे. साध्या बल्बला त्याचं काही वाटत नाही. एलईडी एकाच दिशेने पेटतो, म्हणजे डावा दाखवेल आणि उजवा नाही. दोन्ही दिशांनी चालणारा एलईडी मिळतो, पण मागून घ्यावा लागतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. इशाऱ्याच्या दिव्यांना, विशेषतः बॅटरीच्या, साधा फिलामेंट बल्ब. एलईडी घ्यायचाच असेल तर काट्यांमागच्या उजेडापुरता. तिथेही एक बघा. साधा बल्ब चहूकडे उजेड फेकतो, एलईडी पुढेच. त्यामुळे डायलवर एका जागी पांढरा ठिपका आणि कडेला अंधार असं होतं. गंगाखेडकडे रात्री बिनउजेडाच्या रस्त्यावर असताना तो पांढरा झोत डोळ्यांत खुपतो, आणि मीटरचा उजेड कमी करायचं बटण असलं तरी एलईडी त्याला नीट दाद देत नाही. पिवळसर रंगाचा आणि बाजूनेही उजेड देणारा घ्या. हिरव्या रंगाच्या काचेमागे लाल एलईडी लावलात तर जवळजवळ काहीच दिसणार नाही.

साध्या बल्बमध्ये जपायची गोष्ट म्हणजे वॅट. आकार टी-५ आणि टी-१० असे असतात, म्हणजे काचेची जाडी साधारण ५ आणि १० मिलिमीटर. टी-१० मध्ये ३ वॅटचा आणि ५ वॅटचा दोन्ही त्याच होल्डरात घट्ट बसतात. पार्किंगचा ५ वॅटचा टाकला की उजेड छान पडतो, पण काही दिवसांनी होल्डरचं प्लॅस्टिक वितळतं. मराठवाड्याच्या मे महिन्यात उन्हात उभी गाडी आधीच भट्टी असते, तिला आणखी ताप नको. जुना बल्ब सोबत न्या, त्याच्यावरचा आकडा दाखवा आणि तेवढ्याच वॅटचा मागा.

भंगारातून अख्खं मीटर आणण्याचा पर्याय मागच्या बाजूची, बल्बना करंट पोचवणारी तांब्याची पट्टी फाटली असेल तरच करा. त्यातले बल्बही तितकेच म्हातारे असतात, आणि किलोमीटरचा आकडा बदलतो. तो लिहून ठेवावा लागतो, गाडी विकताना घेणाऱ्याला सांगावा लागतो.

खोलताना बॅटरीची मायनस आधी काढा. मीटर थोडं पुढे ओढून मागची स्पीडोमीटरची केबल सोडवा, जोर लावू नका. होल्डर पाव वळसा फिरवला की सुटतो. बल्ब लगेच फेकू नका. काळ्या मातीची धूळ आत शिरून तांब्यावर काळसर थर बसतो, त्यामुळे चांगला बल्बही पेटत नाही. माझे दोन असेच होते, शाळेच्या खोडरबरने पट्टी घासली आणि दोन्ही पेटले. एलईडी पेटला नाही तर काढून उलटा बसवा. ऑइलचा दिवा नवा बल्ब घालूनही लागत नसेल, तर चावी ऑन ठेवून इंजिनवरच्या ऑइल स्विचची वायर काढून बॉडीला टेकवा. दिवा लागला तर बल्ब ठीक आहे, स्विच बदला. आणि मीटरचे स्क्रू आवळण्याआधी मायनस जोडून, चावी ऑन करून सगळे दिवे एकदा मोजा.