पोट तपासणीचा पुतळा: प्लीहा शिकवायला कितपत कामाचा?

आमच्या स्किल्स लॅबमध्ये हा पुतळा येऊन बरेच महिने झाले. यकृत, मूत्रपिंडं, तुंबलेलं मूत्राशय असं बरंच काही त्यात बसवता येतं. पण मी मेडिसिन शिकवते, आणि मुलांचे हात सगळ्यात जास्त अडतात ते प्लीहेपाशी, म्हणजे डाव्या बरगड्यांआड असणाऱ्या पाणथरीपाशी. म्हणून हा अभिप्राय फक्त प्लीहेपुरता.

पुतळा म्हणजे छातीच्या खालच्या भागापासून मांड्यांपर्यंतचं धड. वरची रबरी कातडी उचलली की आत पोकळी आहे. सोबत दोन प्लीहा येतात, एक जेमतेम वाढलेली आणि एक बेंबीच्याही खाली उतरणारी. बाहेर नळीला एक रबरी पंप आहे. तो दाबला की पेशंटने श्वास घेतल्यासारखी प्लीहा खाली सरकते.

मोठ्या प्लीहेसाठी या पुतळ्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन. नवा विद्यार्थी हमखास डाव्या बरगड्यांखालीच बोटं रोवतो. मोठी प्लीहा असेल तर हात थेट तिच्या पृष्ठभागावर पडतो, कड कुठेच लागत नाही, आणि ‘पोट जरा कडक वाटतंय’ म्हणून तो मोकळा होतो. मी कातडी बंद करूनच मुलांना हात लावायला सांगते, आणि हे दर बॅचला घडतं. मग कातडी उघडून दाखवायची: प्लीहा वाढते ती खाली आणि मध्याकडे, तिरकी, पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्याच्या रोखाने. म्हणून सुरुवात त्या कोपऱ्यातून करायची आणि हळूहळू डाव्या बरगड्यांकडे जायचं. एकदा उघडून पाहिलं की कुणाला पुन्हा सांगावं लागत नाही.

श्वासाशी हाताचा मेळ बसवायलाही पंप फार उपयोगी पडतो. हात पुढे सरकवायचा तो श्वास सोडताना. श्वास आत घेतला जात असताना बोटं जागच्या जागी, हलक्या दाबाने ठेवायची, म्हणजे खाली येणारी कड आपणहून तर्जनीच्या बाजूवर टेकते आणि बोटाखालून निसटते. ते निसटणं एकदा हाताला कळलं की पुढचं सोपं. पंप दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हातात द्यावा. तो कधी जोरात दाबतो, कधी अर्धवट, आणि खरे पेशंटही तसाच श्वास घेतात.

आता उणिवा. पाठ सपाट आणि टणक आहे, त्यामुळे डावा हात मागून घालून खालच्या बरगड्या पुढे उचलण्याचा सराव होतच नाही. पुतळा उजव्या कुशीवर वळवताही येत नाही. माझ्या दृष्टीने ही सगळ्यात मोठी उणीव आहे, कारण थोडी वाढलेली प्लीहा उताण्या पेशंटमध्ये पुष्कळदा लागत नाही, उजव्या कुशीवर घेऊन गुडघे दुमडायला लावले की बोटांना लागते.

प्लीहेच्या कडेवरची खाच इथे फारच ठळक केली आहे. वॉर्डात ती इतकी स्पष्ट क्वचितच लागते, आणि मुलं खाच नाही म्हणून प्लीहा नाही असं ठरवून बसतात. डावं मूत्रपिंड वेगळं ओळखायला मी दुसऱ्या खुणांवर भर देते. प्लीहा आणि बरगड्यांची कड यांच्यामध्ये बोटं शिरत नाहीत, श्वासाबरोबर ती तिरकी सरकते, आणि दोन हातांमध्ये मूत्रपिंडासारखी टोलवता येत नाही. यातलं बोटं न शिरणं पुतळ्यावर छान दाखवता येतं.

ठोकून पाहण्याचा सराव मात्र इथे अजिबात होत नाही. कुठेही ठोका, एकच रबरी आवाज. आणि मी तर प्लीहेची तपासणी ठोकण्यापासूनच सुरू करायला सांगते. कॅस्टेल या डॉक्टरांनी 1967 मध्ये मांडलेली पद्धत अगदी साधी आहे: काखेच्या पुढच्या रेषेत, डावीकडच्या सर्वात खालच्या बरगड्यांमधल्या जागेवर ठोकायचं. निरोगी माणसात पूर्ण श्वास घेतल्यावरही तिथे पोकळ आवाज येतो. खोल श्वासासरशी तो बद्द झाला तर प्लीहा वाढल्याची शंका घ्यायची. हे आम्ही एकमेकांवरच करून घेतो, जेवणाआधी, कारण भरलेल्या जठरामुळेही आवाज बद्द येतो.

खोक्यात नॉर्मल प्लीहा नाही, आणि ते बरोबरच आहे. साधारण 12 सेंटीमीटर लांब, 150 ग्रॅमच्या आसपास वजनाची ती प्लीहा नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असते आणि सहसा हाताला लागत नाही. ती दुपटीच्या पुढे वाढली की मग बोटांना भेटू लागते. म्हणून मी अधूनमधून जागा रिकामी ठेवून पुतळा तपासायला देते. ‘लागली’ म्हणायची घाई तिथे लगेच दिसते. लागली नाही म्हणजे वाढलेली नाही असं होत नाही, शंका असेल तर सोनोग्राफी करावी, हेही त्याच वेळी बोलून घेते.

पुतळा कितीही दाबला तरी कण्हत नाही, याची मला खरी काळजी वाटते. इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिससारख्या विषाणूजन्य आजारात वाढलेली प्लीहा नाजूक असते, फुटू शकते. दाब मोजणारी काही सोय यात नाही, त्यामुळे बोटं खुपसणारा हात शिक्षकाने तिथल्या तिथे थांबवायला हवा. विद्यार्थ्यांना पुतळ्यासोबत एकटं सोडू नका.

कातडी टिकाऊ आहे, फक्त कडेची बटणं सैल होतात.

पहिल्यांदाच पोटाला हात लावणाऱ्या बॅचसाठी जरूर घ्या. घेताना बरगड्यांखाली चार-पाच सेंटीमीटर उतरणारी मधल्या आकाराची प्लीहा सुटी मिळते का ते विचारा. बरगड्यांच्या कडेपासून टोकापर्यंत टेपने मोजून केसपेपरवर सेंटीमीटरमध्ये लिहिण्याचा सराव त्याच आकारावर सर्वात चांगला होईल, आणि आमच्या संचात नेमकी तीच नाही.