लाकडी रायफल, प्लास्टिकची रायफल आणि कार्बनचा दांडा : सहा आठवडे वापरून

रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला आमच्या गॅरेजसमोर आवाज येतो, ठप्प. क्षणभर शांतता, की परत ठप्प. लेक शाळेच्या कलर गार्डमध्ये आहे, म्हणजे संगीतावर झेंडे आणि लाकडी रायफली फिरवणाऱ्या तुकडीत. ती रायफल वर उडवते, रायफल हवेत दोन गिरक्या घेते आणि खाली येऊन तिच्या दोन्ही हातांत बसते. आवाज एकच आला तर कॅच नीट बसला. दोन तुकड्यांत आला तर एक हात आधी पोचला आणि दुसरा मागून. पोळ्या लाटताना खिडकीकडे न बघताही मला ते कळतं.

फेब्रुवारीत त्या आवाजात एक खडखड मिसळली. टेप सोडून बघितलं तर रायफलीच्या मानेला, म्हणजे जिथे लाकूड सगळ्यात बारीक होतं तिथे, बोटभर चीर. स्पर्धा तीन आठवड्यांवर. तेव्हा नवीन सामान मागवलं : एक पॉलिमरची म्हणजे टणक प्लास्टिकची रायफल, आणि झेंड्यासाठी एक कार्बन फायबरचा दांडा. सहा आठवडे दोन्ही रोज वापरात होते. गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीच्या बऱ्याच मराठी घरांतली मुलं कलर गार्डमध्ये गेली आहेत आणि आया मला विचारतात की काय घ्यायचं, म्हणून सविस्तर लिहिते. कंपन्यांची नावं देत नाही. अशा वस्तू बरेच जण बनवतात, आणि वस्तू कशी पारखायची हे कळणं नावापेक्षा जास्त कामाचं आहे.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कलर गार्ड मूळचं लष्करातलं, पलटणीचं निशाण सांभाळणारी तुकडी. अमेरिकेत ते मार्चिंग बँडबरोबर शाळांत आलं. आता त्यात झेंडे, लाकडी रायफली आणि धार नसलेल्या तलवारी संगीतावर फिरवतात आणि नाचतात. शरद ऋतूत बँडबरोबर मैदानावर, हिवाळ्यात जिममध्ये रंगवलेली ताडपत्री अंथरून. हिवाळी स्पर्धा घेणारी विंटर गार्ड इंटरनॅशनल ही संस्था 1977 साली सुरू झाली. तिची अंतिम फेरी एप्रिलमध्ये ओहायोतल्या डेटनला असते. आम्ही इंडियानापोलिसजवळ राहतो, त्यामुळे ती गाडीने दोन तासांच्या आत.

लेक अकरावीत आहे, गार्डमध्ये तिसरं वर्ष. मी स्वतः पुण्यात कॉलेजची चार वर्षं ढोल-ताशा पथकात ध्वज नाचवलाय. नदीपात्रातला सराव, हातात बांबू, वर भगवा, आणि वारा सुटला की खांदा भरून यायचा. त्यामुळे फिरणाऱ्या काठीचा तोल कुठे आहे हे माझ्या हाताला अजून कळतं. लेकीचा दांडा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा पंचवीस वर्षांनी मनगट आपोआप वळलं होतं.

आता रायफल. जुनी लाकडी 36 इंची. तिला आधी धाग्याची पक्की पॅकिंग टेप गुंडाळायची, त्यावर पांढरी इलेक्ट्रिकची टेप. हे काम आमच्याकडे माझं. रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसते. टेप ताणून लावावी लागते, सुरकुती राहिली तर ती नेमकी तळव्याला लागते. इतकी टेप चढवून जुनी रायफल स्वयंपाकघरातल्या काट्यावर 1 किलो 240 ग्रॅम भरली. नवी 1 किलो 90 ग्रॅम.

दीडशे ग्रॅमचा फरक ऐकायला बरा वाटतो, पण लेक पहिल्या दिवशी रडकुंडीला आली. दोन गिरक्यांचा टॉस, जो ती झोपेतही टाकेल, तो अडीच गिरक्या घेऊन खाली यायला लागला. हात जुन्या वजनाचा जोर देत होता आणि रायफल हलकी. त्यातून आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. मी दोन्ही रायफली एका बोटावर आडव्या तोलून बघितल्या. जुनी जिथे तोलते तिथे पेन्सिलीने खूण केली, मग नवीवर. नवीचा तोल दस्त्याकडे जवळजवळ इंचभर सरकलेला. हवेत सोडलेली कुठलीही वस्तू स्वतःच्या तोलाच्या बिंदूभोवतीच फिरते. हात मात्र जुन्या जागी सवयीने पडतात. म्हणून रायफल दर वेळी जराशी डावीकडे पळत होती आणि पोरगी तिच्यामागे. तोलाच्या जागी निळ्या टेपचं एक बारीक कडं बांधलं, तेव्हा चार दिवसांत हात बसला. वस्तू घरी आल्या आल्या ही बोटाची परीक्षा करा, दोन मिनिटांचं काम आहे.

टिकाऊपणात मात्र प्लास्टिक जिंकलं, आणि निर्विवाद जिंकलं. ड्राइव्हवेच्या काँक्रीटवर ती रोज पंधरा-वीस वेळा पडली असेल. टोकाला ओरखडे आहेत, बाकी काही नाही. लाकडी इतकी पडली असती तर महिन्यात दोन तुकडे. पावसात ओली झाली तरी फुगत नाही. एक तक्रार आहे. पट्टा जिथे स्क्रूने बसवलेला असतो तो स्क्रू तिसऱ्याच दिवशी सैल झाला आणि पट्टा लोंबायला लागला. फिरत्या रायफलीचा सुटा पट्टा डोळ्याला लागू शकतो, ही साधी गोष्ट नाही. दुकानाला फोटो पाठवले, उत्तर यायला नऊ दिवस लागले, स्क्रू आला तो लहान मापाचा. शेवटी नवऱ्याने गॅरेजमधला स्क्रू लावून वर टेप मारली. तुमच्याकडे आली की पट्ट्याचे दोन्ही स्क्रू पहिल्या दिवशीच आवळा आणि वर टेप घाला.

आणि आवाज. त्याबद्दल मला मनापासून लिहायचंय, कारण विकणारे ते सांगत नाहीत. लाकडाचा ठप्प स्वच्छ असतो. आठ मुलींनी एका ठोक्यावर रायफली झेलल्या की जिमच्या भिंतीवरून तो आवाज परत येतो आणि अंगावर काटा येतो. प्लास्टिकचा आवाज बसका, उशी थोपटल्यासारखा. लेकीने सरावाला ती नेली तेव्हा सात ठप्प आणि एक थप असं ऐकू आलं. तिच्या कोचबाईंनी तेव्हाच सांगितलं की घरी वापर, इथे लाकडीच आण. त्यांचं बरोबरच होतं. नुसता आवाजच नाही, ओळीतल्या एकीची रायफल हलकी असेल तर तिचा टॉस इतरांपेक्षा उंच जातो, उशिरा उतरतो, आणि ओळ मोडते. म्हणून काहीही विकत घेण्याआधी शिकवणाऱ्यांना विचारा. तुम्ही प्रेमाने महागडी वस्तू आणाल आणि पोराला ती कपाटात ठेवावी लागेल, त्यापेक्षा आधी एक फोन बरा.

हाताला लागण्याबाबतही सांगते. प्लास्टिक लाकडापेक्षा मऊ असेल असं मला वाटलं होतं. तसं नाही. चुकलेला कॅच अंगठ्याच्या मुळावर तितकाच बसतो, वर प्लास्टिक थंडीत जास्त झिणझिणतं. फ्रीजरमधल्या मटाराच्या पिशवीला आमच्याकडे पर्याय नाही. बिनबोटांचे चामडी हातमोजे घ्या आणि नवे असताना घरात घालून मऊ करून घ्या.

कार्बनचा दांडा हे माझं स्वतःचं वेड होतं. सहा फुटी, काळाभोर, ॲल्युमिनियमच्या दांड्यापेक्षा चांगलाच हलका, आणि किमतीला आम्हाला त्याच्या तिप्पट पडला. झेंड्याचं कापड आमच्याकडे नेहमीचं 36 बाय 54 इंची. ते मी मंद इस्त्रीने सरळ केलं, दांड्यावर चढवलं, दोन्ही टोकांना टेप मारली, रबरी टोपणं घातली. ही टोपणं जिमच्या जमिनीसाठी लागतातच, ती नसतील तर आत घेत नाहीत.

लेकीने ड्रॉप स्पिन सुरू केले. दांडा उभ्या वर्तुळात फिरत राहतो आणि मध्यावर हात आळीपाळीने बदलतात. ती तोंडाने आठपर्यंत मोजते. सहाच्या मोजणीलाच दांडा आठच्या जागी पोचलेला. परत केलं, परत तेच. कापड मागे लटकायचं आणि दांडा पुढे पळायचा. मी हातात घेतला तर दांडा मनगटाचा प्रत्येक थरथराट दाखवत होता. दोरीवरून चालणारी पोर हातात लांब आडवा बांबू का धरते? त्याचं वजन दूर टोकांना पसरलेलं असतं, म्हणून तो पटकन कलत नाही आणि तिला सावरायला वेळ मिळतो. झेंड्याच्या दांड्याचंही तेच. टोकाला वजन असलं की सुरू करायला जोर लागतो, पण एकदा फिरला की एका गतीने फिरतो. ॲल्युमिनियमच्या दांड्यात पोरं दोन्ही टोकांना बोल्ट घालतात ते याच्यासाठी.

मग आम्हीही घातले. प्रत्येक टोकाला एक जाड बोल्ट, त्याला टेपचे वेढे देऊन नळीत घट्ट बसेल इतका फुगवला, हाताने दाबून आत सारला, वर टोपण. आत जरा जरी खुळखुळला तर बाहेर काढून आणखी एक वेढा. तिसऱ्या प्रयत्नात आवाज बंद झाला. त्यानंतर दांडा शहाण्यासारखा वागायला लागला. मोजणी आठला आठ. दांडा मुळात ॲल्युमिनियमपेक्षा हलका म्हणून हाताला हलका लागतो, आणि वजन टोकांना आल्यामुळे फिरताना स्थिर राहतो. तासभराच्या सरावानंतर लेकीचा खांदा पहिल्यासारखा दुखत नाही, आणि तिचं मोठं वर्तुळ आता खरोखर वर्तुळ दिसतं.

ॲल्युमिनियम वाकतं आणि वाकलं की परत सरळ होत नाही. कार्बन वाकत नाही, पण कडेला आपटला तर त्याचे धागे सुटतात आणि ती कुसळं बोटात शिरतात. आठवड्यातून एकदा मी उजेडात धरून, जुना नायलॉनचा मोजा त्याच्यावरून फिरवते. मोजा कुठेही अडकला नाही तर ठीक. आतापर्यंत अडकलेला नाही.

नव्याने सुरू करणाऱ्या मुलीला कार्बनचा दांडा घेऊ नका. पहिली दोन वर्षं ॲल्युमिनियमच बरा. वजनाशी झटूनच हाताला वळण लागतं, आणि पोचे आले तरी दुसरा घेणं परवडतं. तिसऱ्या वर्षापासून, खांदा दुखत असेल आणि कोचची हरकत नसेल, तर जरूर घ्या. प्लास्टिकची रायफल घरच्या सरावाला कुणालाही चालेल, मात्र वजन आणि तोल शाळेच्या रायफलीशी जुळवून घ्या. आमच्या नवीला मी नंतर दोन्ही टोकांना वेढे देऊन शंभर ग्रॅमच्या आसपास टेप चढवली, दस्त्यापेक्षा नळीकडे थोडी जास्त. तोल अर्धा इंच पुढे आला. टॉस परत दोनच गिरक्यांत उतरतो.

चीर गेलेली लाकडी रायफल टाकली नाही. लाकडाचा गोंद चिरेत भरून रात्रभर शिकंजात आवळून ठेवली, वर धाग्याची टेप चार थर. स्पर्धेला तीच गेली. मी प्रेक्षकांत वरच्या पायऱ्यांवर बसले होते. तिसऱ्या मिनिटाला आठही जणींचा टॉस होता, आणि मी डोळे मिटून घेतले. एकच ठप्प आला.