लेक सिमकोवरची भाड्याची आईस हट: बर्फाची जाण पक्की, गळ मात्र सुमार

टोरंटोहून गाडीने साधारण तासाभरावर लेक सिमको. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे गोठलेल्या पाण्याला भोकं पाडून मासे धरायला झुंबड उडते. दक्षिण किनाऱ्यावर जॅक्सन्स पॉइंटच्या बाजूला दिवसाच्या भाड्याने हट देणारे बरेच आहेत, त्यांतल्या एकाच्या सेवेबद्दल हे लिहितोय. भाड्यात गोठलेल्या तलावावर ठेवलेली चौघांची लाकडी हट (खोपटं), नेणं-आणणं, प्रोपेनचा हीटर, पाडून ठेवलेली भोकं, गळ आणि आमिष येतं. मासेमारीचा परवाना त्यात नाही. 18 ते 64 वयाच्या प्रत्येकाने तो आधी काढून खिशात ठेवायचा.

पैसे वसूल होतात ते बर्फाच्या बाबतीत. तलाव सुमारे 720 चौरस किलोमीटरचा. दक्षिणेची कुक्स बे ही खाडी उथळ, ती लवकर गोठते. बॅरीकडची केम्पनफेल्ट बे 40 मीटरच्या आसपास खोल, ती सगळ्यांच्या शेवटी. म्हणून ‘लेक गोठलाय का?’ हा प्रश्नच चुकीचा. कुठे, किती सेंटिमीटर आणि कसला बर्फ, हे विचारायचं. निळसर, आरपार दिसणारा बर्फ पायी जायला निदान 10 सेंटिमीटर हवा, स्नोमोबाइलला 20. हिम भिजून गोठलं की जो पांढरा, दुधाळ थर होतो त्याची ताकद निम्मी, म्हणजे आकडे दुप्पट धरायचे. करड्या बर्फात पाणी मुरलेलं असतं, त्याच्या वाटेला जायचंच नाही. इथला माणूस फोनवर ‘मस्त आहे, या’ म्हणत नाही. सकाळी हटजवळ किती भरला आणि त्यात वरचा पांढरा किती, ते वेगवेगळं सांगतो. एवढ्यासाठीच मी या सेवेला वरचे गुण देईन.

दुसरी गोष्ट तड्यांची. थंडी कमी-जास्त झाली की अख्खी चादर आकसते, पसरते आणि तडकते; कुठे कडा एकमेकींवर चढतात, कुठे फट उघडते. रात्री फटीवर पापुद्रा धरतो, वर हिम भुरभुरतं, आणि सकाळी तिथे काही होतं असं वाटतही नाही. नेहमीच्या वाटेवरच्या तड्यावर यांनी लाकडी फळ्यांचा पूल टाकलाय, दोन्ही बाजूंना खुणेच्या काठ्या रोवल्यात. दक्षिणेचा वारा जोर धरू लागला की भरल्या गळावरून उठवून परत आणतात. लोक कुरकुरतात, पण बरोबर तेच आहे: हा किनारा दक्षिणेला, त्यामुळे तो वारा बर्फ काठापासून सोडवून उत्तरेला ढकलतो आणि मधे उघडं पाणी राहतं. तक्रार एवढीच, की अशा वेळी पैसे परत मिळत नाहीत, दुसरी तारीख मिळते, आणि हे बुकिंग करताना कुणी सांगत नाही.

हट उबदार आहे. प्रोपेन जळताना वाफ सुटते, म्हणून खिडक्या आतून घामेजतात. ते ठीक, पण झरोके वरचा आणि खालचा दोन्ही उघडे हवेत. खालच्या झरोक्यात बाहेरून हिम ठासून बसतं, ते हाताने उकरावं लागतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म भिंतीवर होता, पण आत बॅटरी नव्हती. याला माफी नाही. आपला अलार्म बरोबर न्या.

आता गळ. हट साधारण 20-25 मीटर पाण्यावर, म्हणजे व्हाइटफिश आणि लेक ट्राउटची जागा. दिलेल्या रिळांवर जुना, जाड तंगूस (नायलॉनचा एकेरी धागा). गारठ्यात तो स्प्रिंगसारखा वेटोळ्यातच राहतो, आणि एवढ्या खोलीवर माशाने तोंड लावलेलं हाताला कळतच नाही. विणलेल्या दोरीवर माशाचा स्पर्श हाताला चांगला कळतो, पण ती पाणी धरते आणि छडीच्या कड्यांत गोठते. दर थोड्या वेळाने कडी चिमटीत धरून बर्फ फोडायचा. तरी तीच न्या, टोकाला फ्लुओरोकार्बनचा, म्हणजे पाण्यात सहसा न दिसणाऱ्या धाग्याचा, तुकडा जोडून.

व्हाइटफिशसाठी इथे तारेचा दुफाटा चालतो: मधे शिसं, दोन्ही टोकांना गरी (आकडा), गरीला छोटा मासा. शिसं तळाला टेकवायचं आणि दोरी जेमतेम ताणून धरायची. मासा तळावरून आमिष उचलून वर येतो, त्यामुळे छडीचं वाकलेलं टोक एकदम सरळ होतं. नवखा माणूस टोक खाली खेचलं जाण्याची वाट बघत बसतो आणि मासा जातो. ढील दिसली की लगेच गुंडाळा, पण हिसका नको. याचं तोंड नाजूक, फाटतं.

भोकावर दर पंधरा-वीस मिनिटांनी बर्फाची साय धरते. झारा दिलेला असतो, पण तो भज्यांच्या झाऱ्याएवढाच पातळ, जाड तुकड्याखाली वाकतो. आमिष चौघांना दुपारपर्यंत पुरत नाही. उरलंच तर पाण्यात ओतू नका, तो गुन्हा आहे.

माणशी दोन गळ चालतात. ट्राउट आणि व्हाइटफिश धरायची हिवाळी मुदत 15 मार्चपर्यंत. पोरं बरोबर असतील तर 5-8 मीटरवरची पर्चची हट मागून घ्या. मासा वितीएवढा, पण हात रिकामा राहत नाही. पर्च तिथेच साफ करू नका: कुठला मासा आणि किती, हे तपासणीत ओळखता आलं पाहिजे. बादलीत हिमावर अख्खे ठेवून घरी न्या. कातडी सोलून, हळद-मीठ-तिखट लावून, रव्यात घोळून तव्यावर टाकले की मांदेलीइतकाच वेळ लागतो.

पाचपैकी साडेतीन. अलार्मची बॅटरी असती तर चार.