पहाटे पाचच्या दुधाला हेरोकू पुरते का?

खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या गावांत दूध संकलनाचा हिशेब आता वहीतून ॲपवर येतो आहे. हे ॲप ठेवायचे कुठे, असा प्रश्न आला की हेरोकूचे, म्हणजे ॲप भाड्याने चालवून देणाऱ्या सेवेचे, नाव निघतेच. गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) कोड ढकलला की ॲप चालू. लिनक्स, एनजिनएक्स (वेब सर्व्हर), सुरक्षा प्रमाणपत्र यांची उस्तवार आपल्या गळ्यात नाही. इथली तपासणी एवढ्याच कामापुरती आहे: दोन पाळ्या, पाळीला दोन-अडीचशे उत्पादक, प्रत्येकाचे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) आणि दहा दिवसांनी बिल. उत्तर ‘पुरते’ असेच आहे, पण आयत्या सेटिंगवर नाही.

आधी दर. फुकटचा प्रकार २८ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाला. आता सगळ्यात स्वस्त ‘इको’, महिना ५ डॉलर, त्यात सगळ्या ॲपना मिळून १००० तास. अर्धा तास कोणी फिरकले नाही की इको डायनो (ॲप ज्यात चालते तो कप्पा) झोपतो. म्हणजे पहाटे पाचला पहिली बरणी काट्यावर असते आणि सचिव फिरते चक्र बघत बसतो. दर दहा मिनिटांनी बाहेरून टोचून त्याला जागे ठेवायची युक्ती सर्रास सांगतात. पण महिन्याचे तास ६७२ ते ७४४. एक ॲप जागे राहील, दोन ठेवलीत तर महिनाअखेरीआधीच तास संपतील. दोन डॉलर वाचवायला हा खटाटोप नको. ‘बेसिक’ ७ डॉलरला आहे, तो झोपत नाही. त्याला पोस्टग्रेस या डेटाबेसचा ५ डॉलरचा ‘इसेन्शियल-०’ जोडा: १ जीबी जागा, २० जोडण्या. एका केंद्राच्या आकड्यांना १ जीबी वर्षानुवर्षे भरणार नाही.

खरा घोळ तारखेचा. हेरोकूचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ), आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे ५ ते ५.३० मध्ये घातलेले दूध आदल्या दिवसाच्या खात्यात पडते, पुढचे आजच्या. लिटरची बेरीज जुळते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. दहा दिवसांचे बिल निघाले की पहिल्या आणि शेवटच्या दिवसावरून भांडण. कॉन्फिग व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेर ठेवलेले ॲपचे सेटिंग) ‘टीझेड’ला, म्हणजे वेळक्षेत्राला, ‘एशिया/कोलकाता’ दिले की ॲपचे घड्याळ सुधारते, डेटाबेसचे नाही. एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) तारखेवार गट पाडणारे अहवाल तसेच चुकत राहतात. पक्का उपाय म्हणजे संकलनाची तारीख आणि पाळी असे दोन वेगळे रकाने ठेवा आणि नोंद करतानाच भरा. वेळेच्या शिक्क्यावरून तारीख काढत बसू नका. ठरल्या वेळी काम चालवणारा हेरोकू शेड्युलरही यूटीसीच मानतो: सकाळी ११ चे काम हवे तर तिथे ५.३० लिहायचे.

डायनो म्हणजे आठवडी बाजारातले पाल. जागा आपली, पण माल तिथे ठेवून घरी जायचे नाही. साधारण २४ तासांनी, वर काही मिनिटे ते साडेतीन तास इकडेतिकडे, तो बंद होऊन नवा उभा राहतो आणि डिस्कवर लिहिलेले सगळे जाते: पावतीच्या पीडीएफ, पासबुकाचे फोटो, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची फाइल. फाइली ॲमेझॉनच्या एस३सारख्या बाहेरच्या साठ्यात आणि हिशेब पोस्टग्रेसमध्येच हवा. हे चक्र शेवटच्या रिस्टार्टपासून मोजले जाते. म्हणून दुपारी दोनच्या सुमारास, दोन्ही पाळ्यांच्या मध्ये, रोज स्वतःहून रिस्टार्ट दिला तर ऐन संकलनात खंड पडत नाही.

कॉन्फिग व्हेरिएबलमध्ये काय ठेवावे यातही गफलत होते. पासवर्ड, गुप्त किल्ली, एसएमएसचे टोकन तिथे. फॅटचा दरतक्ता डेटाबेसमध्ये. व्हेरिएबल बदलले की नवी रिलीज (ॲपची आवृत्ती) होते आणि ॲप रिस्टार्ट होते. शिवाय रोलबॅक केला, म्हणजे जुन्या रिलीजवर परत गेलो, की कोडबरोबर व्हेरिएबलही जुनी होतात, डेटाबेस मात्र आहे तिथेच राहतो. दरतक्ता व्हेरिएबलमध्ये असेल तर कोडची चूक मागे घेताना गेल्या महिन्याचा दरही परत येईल.

बिलाच्या दिवशी लॉगमध्ये (ॲपच्या घडामोडींची नोंद) ‘एच १२’ हा एरर कोड दिसतो. ३० सेकंदांत उत्तर सुरू झाले नाही की हेरोकूचा राउटर विनंती तोडतो, पण आतले काम चालूच राहते. सचिवाला वाटते बिल झाले नाही, तो पुन्हा बटण दाबतो आणि दोन बिले तयार. बिलाचे काम पडद्यामागे काम करणाऱ्या वर्कर डायनोकडे द्या (आणखी ७ डॉलर) आणि सभासद क्रमांक व बिलाचा कालावधी यांच्या जोडीवर युनिक बंधन घाला, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा नोंदणार नाही. ‘आर १४’ म्हणजे ५१२ एमबी मेमरी ओलांडली. ॲप जँगोत (पायथनची चौकट) असेल तर ‘वेब कॉन्करन्सी’ (एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची संख्या) २ वर आणा. ‘आर १०’ म्हणजे ॲपने ६० सेकंदांत दिलेला पोर्ट (विनंत्या ज्या क्रमांकावर येतात तो) धरला नाही. बहुतेक वेळा कोडमध्ये ८००० ठोकून लिहिलेला सापडतो.

आपल्याकडे पावती मराठी-कन्नड दोन्हींत लागते. डायनोवर या लिप्यांचे फॉन्ट असतीलच असे धरू नका, पीडीएफमध्ये चौकोन उमटतात. नोटो सॅन्सचे देवनागरी आणि कन्नड फॉन्ट प्रकल्पातच ठेवा आणि तपासताना ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’ अशी जोडाक्षरांची नावे घ्या. ‘कमल’वर सगळेच पास होते.

उणी बाजू अंतराची. साध्या योजनेत अमेरिका आणि युरोप हे दोनच विभाग. मुंबई फक्त महागड्या प्रायव्हेट स्पेसमध्ये (वेगळी राखीव जागा). युरोप घ्या, उत्तर लवकर येते. हे ॲप बनवतानाच ठरवायचे, नंतर बदलायला नवे ॲप उभारून डेटा हलवावा लागतो. पावसाळ्यात खानापूरकडे नेट गेले तर कुठलेच होस्टिंग कामाचे नाही. नोंदी ब्राउझरमध्ये साठवून नंतर पाठवायची सोय ॲपमध्येच हवी.

पैसे डॉलरमध्ये कार्डावरून जातात. कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या, आणि पहिल्या दोन महिन्यांचे बिल खरेच वळते झाले का ते स्वतः बघा.