आठवीचा एनएमएमएस सराव संच: गणितासाठी घ्या, समाजशास्त्रासाठी नको

औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत आठवीला शिकवतो. वर्गासाठी हा संच लातूरहून २१० रुपयांना आणला. एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झालेल्या लेकराला नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात. आमच्याकडं ही रक्कम लहान नाही, म्हणून पानन् पान तपासलं.

गणित वर्गात उभं राहिलेल्या माणसानंच काढलंय. एकच प्रश्न सांगतो: ५०० रुपयांच्या घागरीची किंमत आधी २० टक्क्यांनी वाढवली, मग आलेली किंमत २० टक्क्यांनी कमी केली, आता किंमत किती? पर्याय ५००, ४८०, ६००, ४००. उत्तर ४८०, पण मला बाकीचे तीनच जास्त आवडले. ५००चा गोल काळा करणाऱ्याला वाटतं, वाढ-घट फिटली. ६००वाला अर्ध्यात थांबला. ४००वाल्यानं वाढ वाचलीच नाही. उत्तरपत्रिका पाहिली की उद्या कुणाला काय समजवायचं ते कळतं.

समाजशास्त्र मात्र उरकलंय. ‘बालाघाट डोंगरात उगम पावणारी नदी कोणती?’ पर्याय: मांजरा, जायकवाडी, औंढा, तुळजापूर. अहो, यात नदीच एक आहे! सोबत गोदावरी, पूर्णा ठेवायच्या. (तेरणा नको, तीही बालाघाटातलीच, मग भांडणं.) दुसरी खोड, बरोबर पर्याय तेवढा दोन ओळींचा, बाकीचे दोन शब्दांत संपतात. मागच्या बाकावरचा एक गडी प्रश्न न वाचताच म्हणाला, “सर, लांबडं हाय त्येच बरोबर असतंय.” तपासलं तर त्याचे बहुतेक बरोबर! ‘वरीलपैकी सर्व’ जिथं दिलंय तिथं उत्तरही तेच. खऱ्या परीक्षेत शालेय क्षमता चाचणीच्या ९० प्रश्नांत ३५ समाजशास्त्राचे असतात. तिथं असे तुक्के लागत नाहीत, आणि घरी मिळालेल्या गुणांवर पालक खूश असतात.

बुद्धिमत्तेचा भाग ठीक. सोबतचे ओएमआर (उत्तराचे गोल काळे करायचे) कागद पातळ, पेन मागं उमटतं.

गणित जसंच्या तसं वापरतोय. समाजशास्त्राचे पर्याय आता पोरांकडूनच नव्यानं काढून घेतो. चुकीचं, पण खरं वाटेल असं उत्तर शोधायचं तर त्यांना धडा दोनदा वाचावा लागतो. पाचपैकी तीन तारे, तेही गणितवाल्या सरांचे.