जुने लार्ज ॲडव्हेंट स्पीकर: फोम गेलेलेच घ्या!

"नुकतंच रिफोम केलंय, एकदम नव्यासारखे वाजतात" अशी जाहिरात दिसली की मी सरळ पुढे जातो आणि "वूफरची कड फाटलीय, म्हणून स्वस्तात देतोय" असं दिसलं की लगेच मेसेज टाकतो. (वूफर म्हणजे स्पीकरमधला खालचे सूर वाजवणारा मोठा भोंगा, आणि रिफोम म्हणजे त्याच्या कडेचा कुजलेला फोम काढून नवा लावणं.) उलटं वाटेल, पण ॲडव्हेंटच्या बाबतीत माझं हेच ठाम मत झालंय, आणि इकडे न्यू जर्सीत किंवा वर बोस्टनच्या बाजूला राहणाऱ्या ज्या कुणाला जुन्या ऑडिओचा किडा चावलाय त्यांनी पहिला प्रोजेक्ट म्हणून हेच स्पीकर घ्यावेत.

आधी थोडं मागचं. हेन्री क्लॉस नावाचा माणूस, १९५४ मध्ये एडगर विल्चरबरोबर एआर (अकूस्टिक रिसर्च) ही स्पीकर कंपनी काढली, मग १९५७ मध्ये केएलएच (त्यातला के म्हणजे हाच), मग १९६७ मध्ये ॲडव्हेंट, सगळा खेळ मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये. १९६९ मध्ये आलेल्या या स्पीकरमागे डोकं असं होतं की महागड्या मोठ्या स्पीकरांइतका खोल बेस द्यायचा पण दोनच ड्रायव्हर (आवाज काढणारे भोंगे) वापरून, म्हणजे किंमत आवाक्यात राहते. धाकटा भाऊ, म्हणजे छोटं मॉडेल, आल्यावर याला लार्ज म्हणायला लागले. कॉलेजच्या पोरांपासून सगळ्यांनी घेतले, त्यामुळे आजही इकडच्या तळघरांत, गराजमध्ये पडलेले सापडतात. माझी जोडी एका इस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तो) शंभर डॉलरच्या आत मिळाली, अक्रोडाचं विनिअर असलेली, वर कुणीतरी वर्षानुवर्षं कुंडी ठेवल्याचा गोल डाग.

आता फोम. हे सीलबंद खोकं आहे, मागे पोर्ट (हवेचं भोक) वगैरे काही नाही. आत कोंडलेली हवाच वूफरला स्प्रिंगसारखं धरून ठेवते, त्यामुळे वूफरच्या कोनची (पुढच्या कागदी शंकूची) लटकण, म्हणजे त्याला धरून ठेवणारी कड वगैरे, मुद्दामच ढिली ठेवलेली असते. कोनच्या कडेचा फोम फाटला की हवा निसटते, बेस पातळ होतो आणि कोन वेडावाकडा हलून व्हॉइस कॉइल (कोनला मागून हलवणारं तारेचं वेटोळं) घासायला लागते. आणि फोम जातोच, वापरा किंवा नुसता ठेवा, पंधरा-वीस वर्षांत हवेने आणि दमटपणाने त्याची वाट लागते. माझ्या जोडीला बोट लावलं तर बाकरवडीच्या डब्याच्या तळाशी उरतो तसा चुरा हातात आला. विकणाऱ्या आजोबांना वाटत होतं स्पीकर खलास झालेत. मी गप्प राहिलो, घासाघीसही केली नाही, तेवढी लाज होती.

तर मुद्दा असा की फोम हा खर्च धरूनच चालायचा, बघायचं ते ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भोंगा. याचा ट्वीटर दिसायला मजेशीर, मधे घुमट आणि भोवती फुगीर कडं, म्हणून लोक त्याला फ्राइड एग म्हणतात. तो आता कुठे बनत नाही, गेला तर जुनाच शोधायचा आणि त्याचा भाव ऐकून गप्प बसायचं. पण ट्वीटरमधून आवाज येत नाही म्हणून लगेच मेला असं समजू नका! मागच्या बाजूला तीन पोझिशनचा स्विच असतो (ट्वीटर वाढवा, नॉर्मल, कमी करा), त्याचे कॉन्टॅक्ट इतक्या वर्षांत काळे पडलेले असतात. आठ-दहा वेळा खटाखट इकडून तिकडे फिरवा. माझ्या डावीकडच्या स्पीकरमध्ये नुसती गुणगुण होती, स्विच फिरवता फिरवता मधेच चर्रर्र झालं आणि झांजा एकदम उघड्या पडल्या. घरी आणल्यावर कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की काम पक्कं. वूफरचा कोन चार बोटांनी सारख्या दाबाने हळूच आत ढकलून बघा, खरखर लागली तर कॉइल घासतेय, तो स्पीकर सोडून द्या.

आणि इथेच रिफोम केलेल्यांची भीती. कुणी केलं, कॉइल मधोमध बसवली का, कुठला गोंद वापरला, काही कळत नाही, वर पैसे दुप्पट. एका ओळखीच्याने घेतलेल्या जोडीत वूफरची कड चक्क बाथरूमच्या सिलिकॉनने चिकटवलेली निघाली.

किट ऑनलाइन मिळतं, दोन रिंगा, गोंदाची छोटी बाटली, ब्रश, सूचनांचा एक कागद. कागद बिनकामाचा आहे, फेका. रिंग मात्र चांगली, मऊ आणि मापात बसणारी. ऑर्डर देताना आपला वूफर कुठला ते आधी बघा, सुरुवातीच्या मॉडेलमध्ये दहा इंची वूफर मेसोनाइटच्या (हार्डबोर्डच्या) चौड्या रिंगवर बसवून बारा इंची भोकात लावलेला असतो आणि नंतरच्यात पूर्ण धातूची बारा इंची बास्केट (फ्रेम), दोघांचे फोम वेगळे.

खरी मेहनत जुना गोंद काढण्यात. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, बोथट सुरी आणि प्रचंड पेशन्स, कारण कोन कागदाचा आहे आणि घाई केली तर कागदच निघून येतो. यात माझा सगळा वीकेंड गेला. बॉक्सच्या आत पिवळी फायबरग्लासची लोकर आहे, हातमोजे आणि मास्क घालाच, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल. फोम आधी कोनला चिकटवायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग फ्रेमला. फ्रेमला लावताना मी डस्ट कॅप (कोनच्या मधली टोपी) कापून शिम (कॉइल मधोमध धरणाऱ्या पट्ट्या) घालायच्या भानगडीत पडलो नाही, ॲम्पवरून तीस हर्ट्झचा टोन अगदी हळू आवाजात सोडला आणि गोंद ओला असतानाच रिंग जराजरा सरकवत राहिलो, घासल्याचा आवाज पूर्ण बंद झाला की बोटांनी दाबत गोल फिरायचं. हे काम मला जाम आवडलं. नंतर दीड व्होल्टचा सेल लावून दोन्ही कोन एकाच दिशेला येतात ना ते बघा. परत बसवताना कडेला सीलिंगची पुट्टी नीट भरा, हवा गळली तर केलेलं सगळं पाण्यात.

क्रॉसओव्हरमधले (वूफर आणि ट्वीटरला सूर वाटून देणारं सर्किट) कपॅसिटर बदलावेत का यावर लोक भांडतात. मी बदलले, जुन्यावर छापलेल्या व्हॅल्यूचेच साधे फिल्म कपॅसिटर घातले, वरचे सूर थोडे मोकळे झाले. महागडे घेऊ नका, या स्पीकरला शोभत नाहीत.

आवाज? उबदार, थोडा जाड, वरच्या टोकाला आजच्या स्पीकरइतका चकचकीत नाही. गिटारच्या तारांची चमक पाहिजे असेल तर याच पैशात नवे बुकशेल्फ घ्या, चांगले मिळतात. पण डग्गा! बाबा उन्हाळ्यात इकडे आले होते, भीमसेनजींचे अभंग लावले, तर पेपर खाली ठेवून म्हणाले, "अरे, डग्ग्याची मींड ऐकू येतेय की." पखवाजाची थाप, तंबोऱ्याचा खर्ज, हे या खोक्यातून जसं भरून येतं तसं माझ्या साउंडबारमधून कधी आलं नाही. ॲडव्हेंटने स्वतः काढलेला रिसीव्हर चॅनेलला फक्त पंधरा वॉटचा होता (त्याचं डिझाइन टॉमलिन्सन होल्मनचं, पुढे सिनेमा थिएटरच्या आवाजाचं टीएचएक्स मानक काढणारा तोच), पण हे स्पीकर कमी पॉवरवर जोरात वाजणारे नाहीत, मोठ्या खोलीत पन्नास वॉट तरी द्या. आणि स्टँडवर ठेवा, जमिनीवर ठेवले की बेस घुमतो.

पुण्याच्या मित्राने विचारलं की तिकडे आणता येतील का. व्होल्टेजचा प्रश्नच नाही, यात वीज लागत नाही. पण एकेक नग वीस किलोच्या आसपास, त्यावर पॅकिंग, म्हणजे तेवीस किलोची चेक-इन बॅग तिथेच संपली, आणि बेल्टवर आपटून कोपरे फुटले तर रडायचं कुणाकडे. त्यापेक्षा नुसते वूफर, ट्वीटर आणि क्रॉसओव्हर काढून न्या, मूळ खोक्याच्या आतल्या मापाचं खोकं सुताराकडून जाड एमडीएफमध्ये करून घ्या. विनिअरचा मोह सोडावा लागेल.