फाइल जाडजूड, ट्रस्ट रिकामा

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कपाटात एक निळी फाइल आहे. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत त्यांचं नाव आणि आत १४० पानं. ती करून घेताना आम्ही कसे फसलो ते आज लिहायला बसले आहे, कारण परवा एका मैत्रिणीच्या वडिलांच्या हातात थेट तशीच फाइल पाहिली. रंगही तोच.

सुरुवात झाली एका मोफत व्याख्यानापासून. मृत्युपत्र केलं तरी कोर्टाच्या फेऱ्या चुकत नाहीत, सख्खी भावंडं एकमेकांचं तोंड बघेनाशी होतात, असे किस्से वक्त्याने रंगवून सांगितले आणि शेवटी उपाय सांगितला : ट्रस्ट करा, म्हणजे मालमत्ता विश्वस्तांच्या हाती सोपवा, ते ती तुमच्या माणसांसाठी सांभाळतील. यातलं सगळंच काही खोटं नव्हतं. मृत्युपत्र कोर्टातून सिद्ध करून घ्यायला बराच वेळ जाऊ शकतो, आणि जी मालमत्ता आधीच ट्रस्टच्या नावावर आहे तिच्यासाठी बहुधा ती पायरी लागत नाही. धडधडीत खोटं असतं तर अण्णांनी तिथल्या तिथे पकडलं असतं, इतका हिशेबी माणूस. पण त्यांना काकांची काळजी होती. काका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. एकट्याने राहणं, व्यवहार बघणं त्यांना जमत नाही. आपल्यामागे त्यांना या घरातून कुणी हलवू नये, एवढीच अण्णांची इच्छा.

पुढच्या आठवड्यात घरी वकील येईल असं वाटलं होतं. आला तो ‘सल्लागार’. ‘मसुदा वकीलसाहेबच करतात, माहिती तेवढी मी घेतो,’ म्हणाला आणि दोन तास बसला. ठेवी किती, शेअर किती, विमा किती, कुठली ठेव कधी संपते. मी शेजारीच होते आणि मनात म्हणत होते, किती बारकाईने विचारतोय हा! किती आहे ते त्याने पैन् पै विचारलं. कुणाच्या नावावर आहे, नॉमिनी कोण, कर्ज काही आहे का, हे एकदाही नाही. काकांचा विषय अण्णांनी तीन वेळा काढला. त्याने फॉर्मच्या समासात ‘भाऊ – पाहणे’ एवढं लिहिलं. तो फॉर्म अजून फाइलीत आहे.

वकीलसाहेब दिसले ते थेट सह्यांच्या दिवशी, जेमतेम दहा मिनिटं. ‘इथे, इथे, आणि इथे.’ पान उलटायचं आणि पेन टेकवायचं. ट्रस्टच्या कागदाबरोबर मृत्युपत्रही होतं, त्यातल्या साक्षीदारांच्या रकान्यात सह्या आधीच झालेल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाले, ‘आमच्या ऑफिसचीच मुलं आहेत, काळजी नको.’ मी गप्प बसले, हे मला आजही खटकतं. मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार हवेत ही अट इंग्लंडच्या १८३७ च्या कायद्यात आहे आणि भारताच्या १९२५ च्या कायद्यातही. सही त्यांच्या डोळ्यांदेखत व्हावी, निदान सही करणाऱ्याने ‘ही माझीच’ असं त्यांना समक्ष सांगावं, यासाठीच तर साक्षीदार. आमच्या दोन साक्षीदारांनी अण्णांना जन्मात पाहिलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी सल्लागार पुन्हा हजर. या वेळी ‘ट्रस्टला शोभेल अशी गुंतवणूक’ घेऊन. कुठली ठेव कधी संपते हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं. ७६ वर्षांच्या माणसाचे पैसे त्याने लांब मुदतीच्या विमा योजनेत घातले. मधेच काढले तर चांगलीच कात्री लागणार होती, आणि ती पुढे लागलीही. त्याचं कमिशन मात्र पहिल्याच हप्त्याला सुटलं होतं. घरी बसून घेतलेली ती माहिती यासाठी होती हे आम्हाला फार उशिरा उमगलं.

अण्णा गेले. फाइलीत मुखत्यारपत्र होतं, अण्णांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारं, माझ्या नावाचं. ‘यावर तुमचं सगळं काम होईल’ असं सांगितलेलं, म्हणून ते घेऊन बँकेत गेले. खिडकीमागच्या बाईंनी तारीख पाहिली, मृत्यूचा दाखला पाहिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘ताई, हे त्यांच्याबरोबरच संपलं हो.’ मुखत्यारपत्र देणारा हयात असेतोच चालतं. दोन ओळींची गोष्ट, पण दोन तास बसलेल्या माणसाने ती सांगितली नव्हती.

मग दुसऱ्या वकील गाठल्या. त्यांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली, आम्ही समोर बसून राहिलो. सतराव्या पानावर त्या थांबल्या. ‘तुम्ही बहिणी किती?’ मी एकटीच, मला एक भाऊ. पानावर होतं : ‘माझ्या तिन्ही मुलींना समसमान.’ दुसऱ्या कुणाच्या तरी घरचा मसुदा, वरची नावं बदललेली आणि हे वाक्य नजरेतून सुटलेलं. मग त्यांनी शेवटची मालमत्तेची यादी उघडली. कोरी. घर ट्रस्टच्या नावे केलंच नव्हतं. ट्रस्टचा कागद म्हणजे नुसती पेटी, तिच्यात काही ठेवलं तर उपयोग. आमची रिकामी होती.

मृत्युपत्र साक्षीदारांपाशी लटपटलं. त्यात व्यवस्थापक म्हणून वकीलसाहेबांनी स्वतःचंच नाव घातलं होतं, आणि मूळ प्रत त्यांच्या ऑफिसातून मिळवायला मला पाच खेटे घालावे लागले, ते वेगळंच. मृत्युपत्र टिकलं नाही की पत्नी आणि मुलं वारस. भावाचा नंबर लागत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याच काकांच्या वाट्याला शून्य. दादाने ‘काकांना कोण हलवतंय?’ म्हणून एका बैठकीत सह्या केल्या, म्हणून निभावलं. दादाच्या जागी दुसरा कुणी असता तर?

तक्रार केली. वकीलसाहेबांचं नाव वकिलांच्या अधिकृत यादीत होतं, सनद खरी होती. एवढी खात्री आम्ही आधीच करून घेतली होती आणि तिच्यावरच निर्धास्त राहिलो होतो. ते म्हणाले, माझं काम मसुद्याचं. सल्लागार म्हणाला, मी वकील नाही. पावती काढून पाहिली तर तीवर खरोखरच एवढंच लिहिलेलं : ‘दस्तऐवज तयार करणे.’ ‘सह्या झाल्यावर घर ट्रस्टच्या नावे कोण करणार, आणि ते याच फीमध्ये का?’ एवढं विचारून उत्तर लिहून मागितलं असतं, तर गडी तिथेच अडखळला असता. ‘या गुंतवणुकीवर तुम्हाला काय सुटतं?’ हेही तोंडावर विचारायला हवं होतं. आपल्याला संकोच वाटतो, तो त्यांच्या पथ्यावर पडतो.

दुसऱ्या वकीलबाईंकडे आता आईचं मृत्युपत्र केलं. त्यांनी आधी फी आणि कामं लिहून दिली, मग दीड तास नुसते प्रश्न. घराची कागदपत्रं कुणाच्या नावाची, खात्यांवर नॉमिनी कोण, काकांचं औषधपाणी कोण बघतं, आई आजारी पडली तर सही कोण करणार. साक्षीदार कोण घ्यायचे हे विचारल्यावर मी सहज म्हटलं, मी आणि दादा आहोतच की. त्यांनी मान हलवली. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये; कित्येक देशांत त्यापायी त्याचा वाटाच रद्द होतो.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दादाकडे, माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘आता तुम्ही दोघं बाहेर बसा. मला आजींशी एकटीशी बोलायचंय.’ दादा जरा चमकला. मीही. अण्णांशी असं एकटं कुणी बोललंच नव्हतं. दार लागलं. पाऊण तासाने आई बाहेर आली, पदर सारखा केला आणि म्हणाली, चला. आत काय बोलली ते तिने अजून सांगितलेलं नाही.